मायनर लीग आइस हॉकीत करिअर करायचंय? नवख्या खेळाडूसाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी

मुलगा कॅनडात किंवा अमेरिकेत वाढलाय, सतरा-अठरा वर्षांचा आहे, ज्युनियर हॉकी बऱ्यापैकी खेळतो आणि एक दिवस जेवताना सांगून टाकतो, "मला हेच करायचंय." आईबाबांना अशा वेळी दोनच चित्रं दिसतात. एक म्हणजे एनएचएलमधला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगमधला कोट्यधीश, आणि दुसरं म्हणजे शिक्षण सोडून हातात काहीच न उरलेला मुलगा. बर्फावर खेळून पोट भरणाऱ्या बहुतेकांचं आयुष्य यांपैकी कुठल्याच चित्रात बसत नाही. ते बसने गावोगाव फिरतात, आठवड्याला दोन-तीन सामने खेळतात, दर उन्हाळ्यात नवा करार शोधतात आणि तिशीच्या आसपास दुसऱ्या कामाला लागतात. हा धडधडीत व्यवसाय आहे. त्याला नियम आहेत, दर आहेत, कागदपत्रं आहेत, आणि ते आधी माहीत असलेला मुलगा न माहीत असलेल्यापेक्षा दोन-चार वर्षं जास्त टिकतो.

माझं ठाम मत आधीच सांगतो. प्रत्येक वळणावर लीगचं नाव बघण्याआधी तिथे प्रत्यक्ष खेळायला किती मिनिटं मिळणार ते बघा. पुढचं सगळं याच कसोटीवर वाचा.

शिडी नीट समजून घ्या

सगळ्यात वर एनएचएल, 32 संघांची. तिच्या खालच्या व्यावसायिक लीग म्हणजे मायनर लीग. तिच्या खाली अमेरिकन हॉकी लीग, म्हणजे एएचएल. ती 1936 पासून चालू आहे, तिच्यातही 32 संघ आहेत आणि प्रत्येक संघ एकेका एनएचएल संघाशी बांधलेला आहे. त्याखालची ईसीएचएल 1988 मध्ये पाच संघांवर सुरू झाली, आज तिच्यात तीसच्या घरात संघ आहेत. दोन्ही लीगमध्ये हंगामाला 72 सामने होतात. आणखी खाली अमेरिकेच्या दक्षिणेतली एसपीएचएल आणि मग फेडरल लीग. या दोघींचं एनएचएलशी नातं नाही, पण तिथून ईसीएचएलमध्ये उचलली जाणारी मुलं असतात.

साखळी कशी चालते ते एका उदाहरणातून बघू. वॉशिंग्टन कॅपिटल्सचा एएचएल संघ म्हणजे हर्शी बेअर्स, आणि त्याखालचा ईसीएचएल संघ म्हणजे साउथ कॅरोलिना स्टिंगरेज. वॉशिंग्टनमध्ये एक बचावपटू जखमी झाला की हर्शीतून एक वर जातो, हर्शीतली रिकामी जागा भरायला साउथ कॅरोलिनातून एकाला फोन जातो. हर्शी हे पेन्सिल्व्हेनियातलं चॉकलेटच्या कारखान्याभोवती वसलेलं गाव. तिथला संघ 1938 पासून या लीगमध्ये आहे आणि त्याने 13 वेळा काल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद, जिंकलाय. दर हिवाळ्यात एका सामन्यात संघाचा पहिला गोल झाला की प्रेक्षक मुलांच्या संस्थांसाठी खेळण्यातली अस्वलं बर्फावर फेकतात. जानेवारी 2025 मध्ये ती मोजली तेव्हा 1 लाख 2 हजार 343 भरली. मायनर लीग म्हणजे रिकाम्या खुर्च्यांसमोरचा खेळ, असं कुणी सांगितलं तर हा आकडा सांगा.

एनएचएलमध्ये खेळणाऱ्या दहापैकी जवळपास नऊ जण एएचएलमधून गेलेले असतात. याचा उलटा अर्थ मात्र काढू नका. एएचएलमध्ये पोचलेल्या प्रत्येकाला वरचं दार उघडतं असं नाही, आणि ज्यांना उघडतं त्यांतल्या कित्येकांना ते चार-सहा सामन्यांपुरतंच उघडतं.

गोलरक्षकांची गोष्ट वेगळी आहे. सामन्याला दोनच गोलरक्षक तयार ठेवतात आणि त्यांतला एकच खेळतो, त्यामुळे तरुण गोलरक्षकाला सामने मिळावेत म्हणून मोठे संघ त्याला मुद्दाम ईसीएचएलमध्ये धाडतात. जोनाथन क्विक रेडिंग रॉयल्सकडून खेळला आणि 2012 मध्ये लॉस एंजेलिसला स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, मिळवून दिला. ब्रेडन होल्टबी स्टिंगरेजमध्ये होता. जॉर्डन बिनिंग्टन कॅलामझूमध्ये होता; 2019 मध्ये सेंट लुईसने कप जिंकला तो त्याच्या जिवावर. मुलगा गोलरक्षक असेल आणि संघ म्हणाला "ईसीएचएलला जा", तर तोंड पाडू नका.

मुलगी असेल तर ही शिडी तिच्यासाठी नाही. महिलांची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली आणि तिच्याखाली अशी उतरंड अजून उभी राहिलेली नाही. तिथली वाट जवळजवळ पूर्णपणे कॉलेजमधूनच जाते.

दारं दोन: ज्युनियर आणि कॉलेज

कॅनडात सोळा ते वीस वयाच्या मुलांसाठी तीन मोठ्या ज्युनियर लीग आहेत: ओंटारिओची ओएचएल, पश्चिमेची डब्ल्यूएचएल आणि क्वेबेक-मॅरिटाइम्सची क्यूएमजेएचएल. तिन्ही मिळून सीएचएल. दुसरं दार अमेरिकेतल्या विद्यापीठांचं, एनसीएएचं. कित्येक दशकं नियम असा होता की सीएचएलमध्ये एक सामना खेळलात की एनसीएएचं दार बंद. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला आयुष्याचा निर्णय घ्यावा लागायचा. नोव्हेंबर 2024 मध्ये तो नियम बदलला आणि 1 ऑगस्ट 2025 पासून सीएचएलमधली मुलंही एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत खेळू शकतात. ओळखीतला कुणी जुन्या अनुभवावरून सल्ला देत असेल तर तो या बदलाच्या आधीचा आहे का, ते विचारा.

मराठी घरांसाठी हा बदल फार मोलाचा आहे, कारण आपल्याकडे पदवीचा प्रश्न पहिल्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर असतो. आता दोन वर्षं ज्युनियर खेळून, शरीर तयार करून, विसाव्या वर्षी विद्यापीठात जाता येतं. तिथे सामने कमी आणि व्यायाम जास्त असतो. उशिरा वाढणाऱ्या मुलांना ते मानवतं. आणि चार वर्षांनी हातात पदवी असते. मला विचाराल तर ज्याच्यामागे अठराव्या वर्षी एनएचएलचे संघ रांग लावून उभे नाहीत, अशा प्रत्येकाने हीच वाट धरावी.

ज्युनियर लीगच्या शिष्यवृत्तीचा कागद जपून ठेवा. डब्ल्यूएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या शिक्षणाचा खर्च मिळतो, पण व्यावसायिक करार केल्यावर त्या हक्काचं काय होतं याच्या अटी त्याच कागदात असतात. पहिल्या प्रो करारावर सही करण्याच्या आदल्या रात्री तो कागद शोधत बसण्यात अर्थ नाही.

एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, सात फेऱ्यांत 224 नावं पुकारली जातात. आपलं नाव आलं नाही म्हणून रडारड नको. कॅनडातल्या सरेचा अर्शदीप बैन्स कुठल्याच ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही. 2021-22 मध्ये रेड डिअरकडून खेळताना त्याने 112 गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) मिळवले आणि अख्ख्या डब्ल्यूएचएलमध्ये पहिला आला. त्याच हंगामात व्हँकुव्हरने त्याच्याशी करार केला आणि मग त्याला एएचएलमधल्या अ‍ॅबट्सफर्डला पाठवलं. पहिल्या हंगामात तो चाचपडत होता. दुसऱ्या हंगामात लीगच्या ऑल-स्टार स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये एनएचएलमध्ये उतरला. 2025 मध्ये अ‍ॅबट्सफर्डने काल्डर कप जिंकला तेव्हा तो संघात होता, आणि संघाचे मुख्य प्रशिक्षक होते मॅनी मल्होत्रा, ज्यांचे वडील भारतातून कॅनडात आलेले. भारतीय वंशाचा पहिला एनएचएल खेळाडू रॉबिन बावा याने एनएचएलमध्ये 61 सामने खेळले. बाकीची कारकीर्द मायनर लीगमध्येच गेली. आपल्यासारखी आडनावं या खेळात नवीन नाहीत, हे मुलाला सांगायला ही माणसं पुरेशी आहेत. कॅल्गरीतले डॅम्पी ब्रार स्वतः मायनर लीगमध्ये खेळले आणि आता 'अपना हॉकी'मधून दक्षिण आशियाई मुलांना घडवतात. आपल्या घरी कुणीच खेळलेलं नसेल तर अशा माणसांना गाठून विचारणं हा सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी सल्ला आहे.

भारतात राहून ही वाट धरता येईल का? सरळ सांगतो, सध्या नाही. लडाखमध्ये खेळ जिवंत आहे, आपल्या महिला संघाने 2025 च्या आशिया कपमध्ये ब्राँझ मिळवलं, पण प्रो होण्यासाठी लागणारं वर्षभराचं बर्फ आणि सामन्यांची संख्या इथे मिळत नाही. पुण्या-मुंबईत रोलर स्केट्सवर तयार झालेल्या मुलाला गंभीरपणे प्रयत्न करायचा असेल तर तेरा-चौदाव्या वर्षाच्या आत बाहेर जावं लागेल.

व्हिसा: हा भाग घाईने वाचू नका

अमेरिकेत आईवडिलांच्या एच-1बीवर एच-4 वर राहणाऱ्या मुलाला पगार घेऊन खेळता येत नाही. एकविसाव्या वर्षी तर तो दर्जाही संपतो. प्रो करारासाठी पी-1 व्हिसा लागतो. 2006 च्या कायद्याने तो मायनर लीगच्या खेळाडूंनाही खुला झाला. अर्ज खेळाडूने करायचा नसतो, संघ करतो. कॅनडाचं नागरिकत्व असेल तर मंजुरीचा कागद घेऊन सीमेवर जाता येतं, वकिलातीत जाऊन शिक्का घ्यावा लागत नाही. पण कॅनडात कायमस्वरूपी रहिवासी असलेल्या आणि भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या मुलाला वकिलातीची भेट घ्यावीच लागते, आणि तिची तारीख संघाच्या सोयीने मिळत नाही. ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू होतो. खालच्या लीगमधला व्यवस्थापक एका खेळाडूसाठी सहा आठवडे थांबत नाही, दुसऱ्याला बोलावतो. नागरिकत्वाचा अर्ज करता येत असेल तर मुलगा सतरा वर्षांचा असतानाच करा.

कराराचे प्रकार

चार प्रकार ओळखता आले की निम्मं काम झालं.

पहिला, एनएचएलचा टू-वे करार. यात पगाराचे दोन आकडे असतात: वर असाल त्या दिवसांचा एक, खाली असाल त्या दिवसांचा दुसरा. 2025-26 च्या हंगामात एनएचएलचा किमान पगार 7 लाख 75 हजार डॉलर आहे. 2026-27 पासून तो 8 लाख 50 हजार होतो. एएचएलमध्ये खेळणाऱ्या नवख्याच्या करारातला खालचा आकडा मात्र लाखाच्याही आत असतो.

दुसरा, फक्त एएचएलचा करार. इथे बरीच मुलं फसतात. हा करार असलेल्या खेळाडूला एनएचएल संघ थेट वर बोलावू शकत नाही. आधी त्याच्याशी एनएचएलचा करार करावा लागतो, आणि एका संघाला एका वेळी असे 50 च करार ठेवता येतात. म्हणजे तुम्ही कितीही चांगले खेळत असलात तरी वरच्यांकडे जागा शिल्लक आहे का, हा प्रश्न उरतोच. सही करण्याआधी एजंटला विचारा की या संघाचे 50 पैकी किती करार भरलेत.

तिसरा, ईसीएचएलचा करार. पगार आठवड्याचा, तोही हंगामापुरताच. राहायची जागा संघ देतो.

चौथा, ट्रायआउट, म्हणजे थोड्या सामन्यांपुरता चाचणी करार. एएचएलमध्ये व्यावसायिक ट्रायआउट 25 सामन्यांचा असतो. ईसीएचएलमधून वर जाणारा खेळाडू बहुतेक वेळा याच कागदावर जातो आणि तेवढ्या दिवसांसाठी वरच्या दराने पैसे घेतो. विद्यापीठाचा शेवटचा हंगाम मार्चमध्ये संपला की मुलं हौशी ट्रायआउटवर उरलेले सामने खेळायला येतात. ही संधी सोडू नका. पैसे नगण्य असतात, पण पुढच्या वर्षी तुम्हाला घ्यायचं की नाही हे प्रशिक्षक त्या तीन आठवड्यांत ठरवतात.

खेळाडूंची संघटना, पीएचपीए, 1967 पासून आहे आणि एएचएल-ईसीएचएलच्या खेळाडूंच्या वतीने बोलते. विमा, प्रवासभत्ता, घर बदलण्याचा खर्च यांचे किमान नियम त्यांच्या सामूहिक करारात असतात. तो मागून घ्या आणि वाचा. त्याहून खालच्या लीगमध्ये जात असाल तर दुखापत झाल्यास दवाखान्याचं बिल कोण भरणार, हे फोनवर न विचारता ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

शिबिरात काय दाखवायचं

सप्टेंबरमध्ये एनएचएलची शिबिरं सुरू होतात. तिथून वगळलेले एएचएलच्या शिबिरात उतरतात, तिथून वगळलेले ईसीएचएलच्या. त्यामुळे खालच्या शिबिरातल्या मुलाची निम्मी जागा वरून येणाऱ्यांनी आधीच घेतलेली असते.

ज्युनियरमध्ये तुमचा मुलगा पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) असायचा, गोल करायचा. इथे प्रत्येक जण आपापल्या गावचा तसाच हिरो होता. प्रशिक्षकाकडे गोल करणारे आधीच असतात, ते वरून पाठवलेले असतात आणि त्यांना खेळवणं त्याला भाग असतं. त्याला हवा असतो पेनल्टी किलवर (आपला खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) अंग झोकून पक, म्हणजे रबरी चकती, अडवणारा, बचावक्षेत्रात फेसऑफ (पक टाकून खेळ सुरू करतानाची झटापट) जिंकणारा, चाळीस सेकंदांत शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, संपवून बाकावर परतणारा माणूस. अलेक्स बरोज ड्राफ्टमध्ये निवडला गेला नव्हता. ग्रीनव्हिल, बॅटन रूज, कोलंबिया असे तीन ईसीएचएल संघ फिरून तो वर गेला, आणि व्हँकुव्हरने त्याला प्रथम घेतलं ते चिवटपणासाठी. गोल नंतर आले. एनएचएलमध्ये तो 913 सामने खेळला.

आता मिनिटांबद्दल. समजा एएचएल संघाने तुम्हाला ठेवलं, पण दर दोन सामन्यांतला एक तुम्ही कोट घालून गॅलरीतून बघताय आणि जो खेळता त्यात सहा मिनिटं मिळतात. त्याच वेळी ईसीएचएलमध्ये वीस मिनिटं मिळणार असतील तर तेवीस वर्षांच्या आतल्या मुलाने स्वतः प्रशिक्षकाकडे जाऊन खाली पाठवण्याची विनंती करावी. हे ऐकायला उलटं वाटतं. पण पॉवर प्लेची सवय, दमलेल्या पायांनी तिसऱ्या, शेवटच्या पिरियडमध्ये घ्यायचे निर्णय, चूक झाल्यावर लगेच पुढच्या शिफ्टला उतरणं, हे सरावात येत नाही. गॅलरीत बसून तर नाहीच.

शुक्रवार, शनिवार, रविवार

मायनर लीग तिकिटांवर जगते, आणि तिकिटं विकली जातात शनिवार-रविवारच्या आसपास. म्हणून तीन दिवसांत तीन सामने ही इथली नित्याची गोष्ट आहे. शुक्रवारचा सामना दहाच्या सुमाराला संपतो. खेळाडू दहा मिनिटं सायकल मारतात, अंग ताणतात, अंघोळ करतात. साहित्य सांभाळणारा माणूस ओले ग्लोव्हज आणि स्केट्स पिशव्यांत भरतो; ते रात्रभर सुकवता आले नाहीत तर सकाळी त्याच ओल्या ग्लोव्हजमध्ये हात घालावा लागतो, आणि तळहाताची कातडी सोलवटते ती त्यानेच. बसच्या दारात जेवणाचे डबे ठेवलेले असतात. नवखी मुलं पुढे, जुनी मागे, ही बसायची रीत कुणी लिहून ठेवलेली नाही, पण ती मोडू नका. पहाटे तीनला हॉटेल येतं. शनिवारी दुपारी झोप, संध्याकाळी सामना, परत बस. रविवारचा सामना बऱ्याचदा दुपारीच असतो, कारण लहान मुलांना शाळेच्या आदल्या रात्री लवकर झोपवायचं असतं.

या तिसऱ्या सामन्यातच माणूस कळतो. पहिल्या वर्षाच्या मुलांनी तीन गोष्टी अंगी बाणवाव्यात. सामना संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत पोटभर खाणं. बसमध्ये फोन बाजूला ठेवून झोपणं. आणि पातं नीट ओळखणं. स्केटच्या पात्याला धार लावताना मध्ये किती खोल पन्हळ ठेवायची हे प्रत्येकाच्या वजनावर आणि प्रत्येक रिंकच्या बर्फावर अवलंबून असतं. खोल पन्हळ बर्फ घट्ट पकडते पण पाय लवकर थकवते, उथळ पन्हळ घसरपट्टी चांगली देते. दक्षिणेकडच्या दमट गावांत बर्फ मऊ असतं, तिथे नेहमीची धार चालेलच असं नाही. साहित्य सांभाळणाऱ्या माणसाशी मैत्री ठेवा, त्याला नावाने हाक मारा, त्याचे आभार माना. प्रशिक्षकानंतर तुमच्या खेळावर सगळ्यात जास्त परिणाम त्याचाच होतो.

शाकाहारी मुलाने संघाच्या जेवणाची व्यवस्था बघणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावं. संकोचाने नुसत्या पास्त्यावर राहिलात तर डिसेंबरपर्यंत वजन उतरतं, आणि उतरलेलं वजन बोर्डाजवळच्या (रिंकभोवतीच्या भिंतीजवळच्या) पहिल्या धक्क्यात कळतं.

पैशांचा खराखुरा हिशेब

ईसीएचएलमधल्या नवख्याचा पगार 2024-25 मध्ये आठवड्याला पाचशे डॉलरच्या आसपास होता. ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सव्वीस आठवडे. म्हणजे साडेपाचशेने धरलं तरी वर्षाला 14 हजार 300 डॉलर, कर कापण्याआधी. घर फुकट असतं, त्यात एक-दोन सहकारी सोबत असतात. उन्हाळ्यात उत्पन्न शून्य. म्हणून जवळपास सगळेच मे ते ऑगस्ट लहान मुलांची शिबिरं घेतात, रिंकवर शिकवतात किंवा बांधकामावर जातात. एएचएलमध्ये किमान पगार वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या पुढे जातो, पण घरभाडं स्वतःचं.

आता एनएचएलच्या बोलावण्याचा हिशेब करा. 7 लाख 75 हजार डॉलर हंगामाच्या दिवसांवर वाटले जातात, रोजचे चार हजार डॉलर पडतात. दहा दिवस वर राहिलात तर चाळीस हजार. एएचएलमधल्या आख्ख्या वर्षाच्या किमान पगाराच्या जवळपास. ते पैसे आले की गाडी घेऊ नका. पुढच्या दोन उन्हाळ्यांचा ट्रेनर, फिजिओ आणि घरभाडं त्यातून निघतं.

एजंट साधारण 3 ते 5 टक्के घेतात, करार झाल्यावर. करार मिळवून देण्यासाठी आगाऊ रक्कम मागणाऱ्याला घराबाहेरचा रस्ता दाखवा. आणि खालच्या लीगमधल्या संघाबद्दल विचारताना मालक कोण आहे, संघ किती वर्षं टिकलाय, हेही विचारा. न्यूफाउंडलंड ग्रोलर्सने 2019 मध्ये पहिल्याच हंगामात ईसीएचएलचा केली कप जिंकला होता. एप्रिल 2024 मध्ये, हंगाम संपायच्या आत, लीगने त्यांचं सदस्यत्व रद्द केलं. विजेता संघही असा नाहीसा होतो.

फोन आला की

बोलावणं वेळ सांगून येत नाही. एक बॅग कायम तयार ठेवा: सूट, दोन शर्ट, औषधं, चार्जर, पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद. पासपोर्टशिवाय सीमेपलीकडच्या संघात जाता येत नाही, आणि तो दुसऱ्या राज्यातल्या घरी कपाटात ठेवून उपयोग नाही. वर पोचल्यावर ओळख करून घ्या, कमी बोला, आणि ज्या कामासाठी बोलावलंय तेच करा. चौथ्या ओळीत, म्हणजे सगळ्यात कमी खेळवल्या जाणाऱ्या फळीत, सात मिनिटं मिळाली तर त्या सात मिनिटांत पक स्वतःच्या क्षेत्राबाहेर निघायला हवा, बाकी कुणी काही मागत नाही. परत खाली पाठवलं की त्याच रात्री जोरात खेळा. पहिल्या दोन सामन्यांत मान खाली घालून फिरणाऱ्यांची नोंद होते.

260 सामने

या धंद्यातला हा आकडा फार थोड्या घरांना माहीत असतो, आणि कारकीर्द वळते ती इथेच. एएचएलमध्ये सामन्याला 18 स्केटर उतरतात, म्हणजे गोलरक्षक सोडून बाकीचे. त्यांतले किमान 13 'विकसनशील' असावे लागतात: बाराजणांचे व्यावसायिक सामने 260 किंवा त्याहून कमी, आणि एकाचे 320 किंवा कमी. ईसीएचएलमध्येही 260 पार केलेले चारच जण संघात ठेवता येतात. गोलरक्षकांना हे बंधन नाही.

72 सामन्यांच्या हंगामात साडेतीन-चार वर्षांत हा आकडा येतो. म्हणजे बाविसाव्या वर्षी सुरुवात केलेला मुलगा सव्वीसला 'अनुभवी' ठरतो, आणि त्यानंतर त्याच्यासाठी प्रत्येक संघात चार-पाचच जागा उरतात. खेळ उतरलेला नसतो, पण जागा कमी होतात. आपला आकडा दर उन्हाळ्यात वहीत मांडा. दोनशेच्या पुढे गेलात की एजंटशी युरोपबद्दल बोलायला लागा.

युरोप म्हणजे हार नव्हे. जर्मनीची दुसरी श्रेणी, ऑस्ट्रियाची लीग, स्लोव्हाकिया, डेन्मार्क, फ्रान्स, ब्रिटन: बहुतेक ठिकाणी राहायला घर मिळतं, कुठे गाडीही. सामने कमी, प्रवास सुसह्य. ब्रिटनच्या एलिट लीगमधले काही क्लब स्थानिक विद्यापीठांशी जोडलेले आहेत, तिथे खेळत खेळत मास्टर्स करणारे खेळाडू दरवर्षी असतात. मराठी आईबाबांना हे ऐकून बरं वाटेल, आणि वाटायलाच हवं. सत्ताविसाव्या वर्षी फी न भरता मिळालेली पदवी मोठी कमाई आहे.

गळा आणि डोकं

28 ऑक्टोबर 2023 ला शेफील्डमध्ये नॉटिंगहॅम पँथर्सकडून खेळताना अ‍ॅडम जॉन्सनच्या गळ्याला स्केटचं पातं लागलं आणि तो गेला. एकोणतीस वर्षांचा होता. मिनेसोटाचा मुलगा, ड्राफ्टमध्ये न निवडलेला, एएचएलमध्ये राबून पिट्सबर्गकडून एनएचएलचे 13 सामने खेळलेला, मग स्वीडन, जर्मनी, ब्रिटन. या लेखात वर्णन केलेली वाट तो चालला होता. त्यानंतर एएचएलने 2024-25 पासून पात्याने न कापला जाणारा गळपट्टा सक्तीचा केला. तुम्ही कुठल्याही लीगमध्ये, कुठल्याही सरावात असा, गळपट्टा घालायचाच. गरम होतं, मान वळवताना टोचतं, हे सगळं खरं. तरीही घालायचा.

डोक्याला मार लागला तर जागा जाईल या भीतीने लपवणारी मुलं अजूनही आहेत. करारावर असलेल्या आणि जखमी म्हणून नोंद झालेल्या खेळाडूचं रक्षण सामूहिक करार करतो. न नोंदलेल्या दुखापतीचं कुणीच करत नाही. मारामारीचंही तेच. 2016-17 पासून एएचएलमध्ये एका हंगामात दहावी मारामारी झाली की निलंबन होतं. नुसत्या मुठींवर करिअर करायचे दिवस गेले, आणि ते गेले हे चांगलंच झालं.

नंतरची तयारी तेव्हाच

जॅरेड बेडनार एनएचएलमध्ये एकही सामना खेळले नाहीत. स्टिंगरेजकडून खेळाडू म्हणून केली कप जिंकले, मग तिथेच प्रशिक्षक होऊन 2009 मध्ये पुन्हा तो कप जिंकले, 2016 मध्ये लेक एरी मॉन्स्टर्ससोबत काल्डर कप आणि 2022 मध्ये कोलोरॅडोसोबत स्टॅन्ली कप. स्पेन्सर कारबेरीही स्टिंगरेजचेच खेळाडू. तिथून प्रशिक्षक, मग हर्शी, मग वॉशिंग्टन, आणि 2025 मध्ये एनएचएलचे वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक. दोघेही खेळत असतानाच व्हिडिओ खोलीत बसायचं शिकले असणार, असं त्यांचा प्रवास बघून वाटतं. ज्याला प्रशिक्षणात रस आहे त्याने शेवटच्या करारातच 'खेळाडू आणि सहायक' अशी भूमिका मागून बघावी. ज्याला नाही, त्याने पीएचपीएच्या करिअर एन्हान्समेंट प्रोग्रॅममध्ये नाव घालावं आणि हंगाम चालू असतानाच एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू करावा. बसमध्ये वेळ भरपूर असतो.

आणि प्रत्येक एप्रिलमध्ये एक काम न चुकता करा. घरी निघण्याआधी संघाच्या डॉक्टरकडून हंगामअखेरची तपासणी करून घ्या. खांदा, गुडघा, मनगट, काय दुखतंय ते सगळं सांगा, ते लिहिलं गेलंय का ते स्वतः वाचा आणि प्रत मागून घ्या. सही तेव्हाच करा. पुढच्या वर्षी संघ दुसरा असेल, डॉक्टर दुसरा असेल, आणि जुन्या दुखापतीच्या उपचाराचा खर्च मागताना तुमच्याकडे तेवढा एकच कागद असेल.